ऑपरेशन दोन तासांचं, तयारी चार महिन्यांची

मंगळवारी माझं ऑपरेशन आहे, वजन कमी करायचं, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरी. आज लिक्विड डाएटचा दहावा दिवस, शेजारच्यांनी आत्ताच लसणाची फोडणी घातलीय आणि मी खिडकी लावून बसलेय. परवा मावसबहिणीचा फोन आला होता, म्हणाली अगं अपेंडिक्सचं ऑपरेशन रात्रीतून करतात, तुला चार महिने काय तपासतायत? मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. प्रत्येक वेळी नवीन चिठ्ठी, नवीन टेस्ट, आणि कशासाठी ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मग मी विचारायला लागले, वहीत लिहून ठेवायला लागले, आणि आता ती वही समोर घेऊनच हे टाइप करतेय.

आधी माझी माहिती. वय ४३, हडपसरला राहते, माहेर साताऱ्याकडचं, एका शाळेत क्लार्क आहे, दिवसभर खुर्ची. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११८ किलो होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते, काढायचा म्हणजे उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचं आणि वजनाला त्या आकड्याने भागायचं. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, ११८ भागिले २.५६ म्हणजे ४६. आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि डायबेटीस, बीपी कमी वजनालाच मागे लागतं, म्हणून आपल्याकडचे सर्जन ऑपरेशनची रेघ ३७.५ ला धरतात, आणि सोबत डायबेटीस वगैरे असेल तर ३२.५ ला. २०२२ साली जागतिक संघटनांनी ती आणखी खाली आणलीय. मी काय, सगळ्याच रेघांच्या पलीकडे. पहिल्या दिवशी नर्सने बीपी घेतलं तर १७० आलं, मी घाबरले, मग तिने मोठा पट्टा आणला आणि १४२ आलं. दंड जाड असेल आणि पट्टा छोटा असेल तर बीपी खोटं जास्त दाखवतं! वर्षभर फॅमिली डॉक्टरांकडे तो छोटाच पट्टा लावायचे. तुमचा दंड माझ्यासारखा असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लाजू नका.

आता सगळे म्हणतात तेच, जिभेवर ताबा ठेव की, ऑपरेशन कशाला. ताबा ठेवला होता हो. एकदा चौदा किलो उतरवले, दोन वर्षांत एकोणीस चढले. हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही, शरीराचं कामच तसं आहे. वजन उतरायला लागलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला, मग ते भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, म्हणजे आधी जेवढं खाऊन वजन स्थिर राहायचं तेवढंच खाऊन आता ते चढतं. ऑपरेशनने पोट लहान होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पोट आणि आतड्यातून मेंदूला जे भुकेचे आणि पोट भरल्याचे निरोप जातात, हार्मोनचे, तेच बदलतात. म्हणूनच कित्येकांची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. ती हल्ली गाजणारी आठवड्याची इंजेक्शनं यातल्याच एखाद-दोन हार्मोनची नक्कल आहेत. तीही मी विचारली होती. डॉक्टर म्हणाले तोही मार्ग आहे, पण ४६ बीएमआयला ऑपरेशनने जास्त उतरतं आणि इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, ठरवा तुम्ही. मी ठरवलं.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. स्लीव्ह म्हणजे जठराचा पंच्याहत्तर-ऐंशी टक्के भाग कापून काढायचा, उरते ती केळ्यासारखी लांबट नळी. बायपास म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करायची आणि ती पुढच्या आतड्याला जोडायची, मधला रस्ता अन्नाने टाळायचा. मला स्लीव्हच करायची होती कारण शाळेतल्या एका बाईंनी केलेली आणि त्या छान बारीक झाल्या, एवढंच माझं संशोधन. मग एन्डोस्कोपी झाली. घशातून कॅमेऱ्याची नळी घालतात ती. मला वाटलं उगाच बिल वाढवतायत, नवऱ्याला तसं बोललेही. पण त्यात दिसलं की अॅसिड वर येऊन अन्ननलिका खालून लाल झालीय, जठराचं तोंड सैल आहे. दहा वर्षं मी रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी घेतेय ते मी कुणाला आजार म्हणून सांगितलंच नव्हतं, तो काय आजार आहे का! तर स्लीव्हमध्ये जठराची अरुंद नळी होते, आत दाब वाढतो, आणि ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांची ती वाढू शकते. त्यात मला डायबेटीस. म्हणून डॉक्टरांनी बायपास सुचवली. त्या पाच मिनिटांच्या नळीने अख्खं ऑपरेशन बदललं. शिवाय एच. पायलोरी नावाचे जंतू सापडले, दोन आठवडे अँटिबायोटिक घ्यावं लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण मला शेवटी कळलं: बायपासनंतर जुनं जठर आतच राहतं पण त्याच्याकडे जायचा सरळ रस्ता बंद होतो, साध्या एन्डोस्कोपीने ते परत बघता येत नाही. घर बंद करून गावाला जाताना आपण गॅस, नळ सगळं बघून मग कुलूप लावतो ना, तसं.

रक्ताच्या टेस्ट भरपूर होत्या, ते फार सांगत नाही. थायरॉइड, किडनी, लिव्हर, तीन महिन्यांची शुगर, आणि बी ट्वेल्व्ह, डी, लोह. जाड माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी असं लोकांना वाटतं, माझं बी ट्वेल्व्ह आणि डी दोन्ही तळाला होतं. बायपासनंतर हे शोषणं आणखी अवघड होतं म्हणून आधीच भरून घ्यायचं, आणि नंतर गोळ्या जन्मभर. जन्मभर म्हणजे खरंच जन्मभर, हे दोनदा विचारून घेतलं. सोनोग्राफीत पित्ताशय बघतात, कारण वजन भराभर उतरलं की खडे व्हायची शक्यता वाढते.

झोपेच्या टेस्टबद्दल मात्र जरा जास्त सांगते. मी घोरते, ते अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. एक मुलगा संध्याकाळी घरी आला, डोक्याला पांढरी पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. मुलगी म्हणाली मम्मी तू मीटर बोर्डासारखी दिसतेस. सकाळी रिपोर्ट आला: तासाला ३८ वेळा श्वास अडकतो. नुसतं अडखळणं नाही, किमान दहा सेकंद तरी हवा बंद किंवा अगदी थोडी, तेव्हाच ते मोजतात. तीसच्या वर म्हणजे तीव्र. जाड गळ्यामुळे झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की वाट बुजते, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, परत झोप, परत तेच. मला वाटायचं मी आळशी आहे म्हणून दुपारी फायलींवर डोळे मिटतात.

याचा ऑपरेशनशी संबंध असा की भूल दिल्यावर तेच स्नायू आणखी सैल होतात, आणि नंतर वेदनेसाठी जी जोरदार औषधं देतात त्यातली काही श्वास मंद करतात. हे माहीत नसताना ऑपरेशन केलं तर धोका फक्त ऑपरेशन टेबलावर नाही, रात्री वॉर्डातही असतो. म्हणून सीपॅप मशीन आलं, भाड्याने. नाकावर मास्क आणि त्यातून हवेचा सतत दाब, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. पहिल्या रात्री मी कुठल्यातरी सासुरवासासारखं ते सहन केलं. नवरा मात्र दोनदा उठून माझ्या छातीवर हात ठेवून बघून गेला, घोरणं ऐकू येईना म्हणून. आठवड्याने मला सकाळी जाग आल्यावर डोकं दुखत नव्हतं, आणि तेव्हा कळलं की रोज दुखायचं.

भूलतज्ज्ञांनी विचारलं, तंबाखू? मी नाही म्हटलं. फॉर्मवर पण नाही लिहिलं. सिगारेट नाही, गुटखा नाही, मग नाहीच ना. घरी आल्यावर रात्री झोप लागेना, कारण मी मिश्री लावते. आजी लावायची, आई लावते, मी कॉलेजपासून, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, आणि नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत, बरं झालं सांगितलंत म्हणाल्या आणि तारीख पुढे ढकलली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि जिथे नवीन शिवण घातलीय तिथे रक्त कमी पोचलं तर ती नीट भरत नाही. बायपासच्या जोडावर अल्सर व्हायचं मोठं कारण तंबाखू. दुसरं कारण दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून सहज आणायचे त्या, त्याही बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. मिश्री सुटायला मला सहा आठवडे लागले. पहिले दहा दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. आत्तापर्यंतच्या सगळ्या तयारीत हे सगळ्यात अवघड गेलं, आताच्या या डाएटपेक्षाही.

मानसोपचारवाल्या मॅडमकडे पाठवलं तेव्हा मला राग आला होता, मी काय वेडी आहे का. त्यांनी एकच प्रश्न असा विचारला की मी गप्प झाले: घरात कुणी नसताना तुम्ही कुठे उभ्या राहून खाता? कुठे बसून नाही, कुठे उभ्या राहून. ओट्यापाशी, फरसाणच्या डब्यात हात घालून, ताट न घेता, म्हणजे मग ते जेवणात धरलं जात नाही. त्या म्हणाल्या सर्जन पोट लहान करतील, हा डबा मात्र तिथेच राहणार आहे. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि काहीही खाल्लं तरी भागते, मनाची भूक एकदम येते आणि तिला फरसाणच पाहिजे असतं, एवढा फरक ओळखायला त्यांनी मला महिनाभर वही लिहायला लावली. भांडण झालं की किती, पगाराच्या आधीच्या आठवड्यात किती. पाहण्यासारखं होतं ते.

पैशाचं थोडक्यात. मला एस्टिमेट साडेतीन लाखांचं मिळालं. मेडिक्लेममध्ये हे ऑपरेशन आता बसतं, पण पॉलिसीतली अट वेगळी असते: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत गंभीर हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (तेच ते झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा डायबेटीस, आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. म्हणजे सर्जनची रेघ वेगळी, कंपनीची वेगळी, हे आधीच समजून घ्या. आमचं प्रीऑथ, म्हणजे कंपनीकडे आधी मंजुरी मागायचा अर्ज, पहिल्यांदा परत आलं, साधे उपाय केल्याचा पुरावा द्या म्हणून. मग मी जुन्या डायटिशियनचे कागद, जिमच्या पावत्या शोधल्या, एक पावती तर तांदळाच्या डब्याखाली घातलेली सापडली. वजनासाठी कधी काही केलं असेल तर त्याचा कागद टाकू नका.

आता हे लिक्विड डाएट. मला वाटायचं की शेवटच्या दोन आठवड्यांत जमेल तेवढं वजन उतरवतात, बास. तर नाही, हे सगळं लिव्हरसाठी आहे. लिव्हरचा डावा भाग जठराच्या बरोबर वर पसरलेला असतो, आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरल्याशिवाय जठर दिसतच नाही. माझ्यासारख्यांचं लिव्हर चरबीने मोठं आणि जड झालेलं असतं, उचलायला गेलं तर त्याला चीर पडून रक्त येऊ शकतं, आणि फारच मोठं असेल तर ऑपरेशन अर्ध्यावर थांबवायची वेळ येते. बरं, दोन आठवड्यांत ते लहान होतं कसं? लिव्हर जादा साखर ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं, आणि प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भिजवलेले पोहे बघा, कोरडे वाटीभर असतात आणि भिजवले की पातेलं भरतं. भात, पोळी, साखर बंद केली की लिव्हर आधी हा साठा वापरतं, पाणी सुटतं, ते मऊ पडतं, आणि मागोमाग त्यातली चरबीही जळायला लागते. म्हणून दिवसाला आठशे ते हजार कॅलरी आणि त्यात प्रोटीन मात्र भरपूर, नाहीतर शरीर चरबीऐवजी स्नायू खातं.

माझा दिवस असा: सकाळी पाण्यात व्हे प्रोटीन, मग ताक, दुपारी मुगाचं गाळलेलं कढण, चारला परत ताक, संध्याकाळी दुधीचं सूप, रात्री परत प्रोटीन, आणि मधे पाणी पाणी पाणी. तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला, डोकं ठणकत होतं, हात गार. साठ्याबरोबर पाणी आणि मीठही बाहेर पडतं, म्हणून डायटिशियननी सूपमध्ये नीट मीठ घाला म्हणून सांगितलं आणि दोन तासांत फरक पडला. पाचव्या दिवसापासून भूक अशी मेलीच. सासूबाईंना हा उपास वाटतो, त्यांनी एकादशीला प्रेमाने साबुदाण्याची खिचडी पुढे केली, वाटीभरच घे, उपासाचीच आहे. साबुदाणा म्हणजे अख्खा स्टार्च, त्यावर दाणे आणि तूप, लिव्हरची तर दिवाळीच. मी नको म्हटलं आणि त्या दिवसभर रुसल्या.

एक धोक्याची गोष्ट, डायबेटीसवाल्यांनी हे नीट वाचा. चौथ्या दिवशी दुपारी ऑफिसात मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं रजिस्टर दिसेना. मशीनवर शुगर ६२. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. झालं असं की खाणं बंद झालं पण ग्लिमेपिराइड मी नेहमीचीच घेत होते, ती गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात काही असो नसो. शिपाईमामांनी साखरेचं पाणी दिलं. डायटिशियनचा कागद मिळाला तेव्हाच डायबेटीसच्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता, ते मी केलं नाही, आणि मला कुणी आठवणही केली नाही. आता ती गोळी बंद आहे आणि शुगर १२० च्या आसपास. दुसरी एक गोळी आहे, डापाग्लिफ्लोझिन, ती ऑपरेशनच्या किमान तीन-चार दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी पोटी ती चालू असली तर शुगर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात आम्ल वाढू शकतं. कुठली कधी थांबवायची ते आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचं, माझं वाचून काही बंद करू नका.

श्वासाच्या व्यायामाला तीन छोट्या चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं दिलंय, स्पायरोमीटर. मी दोन दिवस त्यात जोरजोरात फुंकत होते आणि एकही चेंडू हलत नव्हता, मुलीने यूट्यूबवर बघून सांगितलं, मम्मी ओढायचं असतं. पोट मोठं असलं की फुप्फुसाचा खालचा भाग दाबला जातो, आणि भूल दिल्यावर तो मिटून बसतो, तिथे कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून आधीपासून सवय. चालणं पण त्यासाठीच, आणि पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच उठवून चालवणार आहेत. शिवाय जेवताना पाणी न पिणं, घास वीस-पंचवीस वेळा चावणं, हे महिनाभर आधीच सुरू केलंय. आमच्याकडे ताटाशेजारी तांब्या नसेल तर पाहुण्याचा अपमान, त्यामुळे हात सारखा डावीकडे जातो आणि तिथे काही नसतं.

भीती वाटते का, तर वाटते. सर्जनना मी सरळ विचारलं, वर्षाला किती करता, त्यात बायपास किती, आणि गडबड झाली तर रात्री दोनला कोण असतं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर मी दुसरीकडे गेले असते. त्यांनी सांगितलं की जोड लीक व्हायचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं, झालं तर परत ऑपरेशन करावं लागू शकतं, आणि नाडी खूप वाढणं ही त्याची पहिली खूण असू शकते. कन्सेंटवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही करताना ते सगळं मराठीत वाचून घेतलं, नवऱ्याने वाचलं नाही, तो बाहेर पाण्याची बाटली आणायला गेला आणि अर्ध्या तासाने आला.

सकाळी वजन केलं, १११. बांगड्या आपोआप खाली सरकतात. सोमवारी संध्याकाळी अॅडमिट, सीपॅप मशीन सोबत न्यायचंय, नेलपॉलिश काढायचं कारण बोटाचा चिमटा नखातून उजेड पाडून ऑक्सिजन मोजतो, आणि अंगावर धातू नको कारण ऑपरेशनमध्ये विजेची उपकरणं वापरतात, भाजू शकतं. म्हणजे मंगळसूत्र पण काढायचं. सासूबाई काल रात्री त्यासाठी काळा दोरा घेऊन आल्या, म्हणाल्या नुसता गळा नको, हा बांधून जा, यात कुठे धातू आहे. मी आज सकाळी हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारलं. सिस्टर जरा थांबल्या, म्हणाल्या गळ्यात तर नकोच, दुसरीकडे कुठे चालेल का ते भुलीच्या डॉक्टरांना विचारून सांगते. अजून फोन आलेला नाही.